‘हंड्रेड बुलेट्स’ : सूड हातात ठेवणारी अटॅची

ब्रायन अझ्झारेलो यांचे लेखन आणि एदुआर्दो रिसो या अर्जेंटिनी चित्रकाराची चित्रे असलेली ‘हंड्रेड बुलेट्स’ ही कॉमिक मालिका १९९९ मध्ये सुरू झाली आणि २००९ मध्ये बरोबर शंभराव्या अंकाला संपली. तिचे तेरा खंड वाशीच्या एका मित्राकडून दोन-दोन करून आणले आणि बरेचसे वाचन ठाणे-वाशी लोकलमध्येच केले.

ग्रेव्हज नावाचा एक वयस्कर, सुटाबुटातला गृहस्थ आयुष्याने पिचलेल्या माणसाला गाठतो आणि त्याच्या हाती एक अटॅची देतो. आत पिस्तूल असते, शंभर गोळ्या असतात आणि त्याच्या आयुष्याची माती नेमकी कोणी केली याचा पक्का पुरावा असतो. या गोळ्या सापडल्या की पोलीस तपास तिथेच थांबतो. सूड घेच, असा आग्रह ग्रेव्हज धरत नाही. निर्णय त्या माणसावर सोपवून तो निघून जातो. शिकागोच्या तुरुंगातून सुटलेली, नवरा आणि तान्हे बाळ गमावलेली डिझी ही त्यातली पहिली.

मला सर्वांत भिडली ती लूप ह्यूज या तरुणाची कथा. त्याच्या अटॅचीतला पुरावा आहे तो लहानपणीच सोडून गेलेल्या बापाविरुद्ध. लूप पिस्तूल घेऊन बापापर्यंत पोहोचतो खरा, पण गोळी झाडण्याऐवजी त्याच्याबरोबर वसुलीच्या कामाला लागतो, आणि इतक्या वर्षांचा राग व बाप मिळाल्याचा आनंद या दोन्हींची ओढाताण अझ्झारेलो यांनी अवाक्षरही न समजावता उभी केली आहे. या कथेला कॉमिक्ससाठी दिला जाणारा २००१ चा आयस्नर पुरस्कार मिळाला, तो अगदी योग्यच होता.

रिसो यांची काळी शाई हे मालिकेचे खरे वैभव आहे. डब्यातल्या मंद उजेडात एक पान मला नुसतेच काळे वाटले होते. रात्री घरी दिव्याखाली पाहिले, तेव्हा त्या काळोखात उभा असलेला माणूस दिसला आणि आधीच्या चार पानांचा अर्थच बदलला. म्हणून ही पुस्तके घाईने उलटू नयेत.

पुढे अमेरिका आपसांत वाटून घेतलेली तेरा घराणी, त्यांची ‘ट्रस्ट’ ही गुप्त युती आणि तिचे ‘मिनिटमेन’ नावाचे मारेकरी यांचे कारस्थान कथेचा ताबा घेते. त्याची गुंफण पक्की आहे, पण पात्रे इतकी वाढतात की मला वहीत नावे लिहून ठेवावी लागली, आणि अटॅची हाती पडलेली साधी माणसे मागे पडतात याची हळहळ वाटते. संवादांतली रस्त्यावरची बोली उच्चाराप्रमाणे लिहिली असल्याने चांगले इंग्रजी येणाऱ्यालाही काही फुगे दोनदा वाचावे लागतील.

खंड क्रमानेच वाचावेत. तिसरा हाती नव्हता म्हणून मी आधी चौथा वाचला आणि पुरता गोंधळलो. हिंसा आणि शरीरसंबंध उघडपणे दाखवलेले असल्याने, चित्रांचे पुस्तक आहे म्हणून ही मालिका मुलांच्या हाती मात्र देऊ नये.