स्किड प्लेटवर साचलेले ऑइल आणि न गेलेले सील

ऑइल बदलून आणल्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी पार्किंगच्या शहाबादी फरशीवर रुपयाएवढा काळा डाग दिसला आणि संध्याकाळपर्यंत त्याच्या शेजारी आणखी दोन डाग पडले. ज्या गॅरेजने ऑइल बदलले होते, त्याच गॅरेजमध्ये मी गाडी पुन्हा नेली. ‘क्रँकचे मागचे सील गेले आहे, गिअरबॉक्स उतरवावा लागेल’ असे सांगून त्यांनी माझ्या हातात ३१,४०० रुपयांचा अंदाजखर्च ठेवला आणि सुटे भाग मागवण्यासाठी म्हणून १०,००० रुपये आगाऊ घेतले. इंजिनाच्या फिरत्या दांड्याभोवती ऑइल अडवणारी ही रबरी कडी, म्हणजे सील, मुळीच गेली नव्हती. ज्यांच्या गाडीखाली स्किड प्लेट, म्हणजे दगडांपासून इंजिन वाचवणारी प्लेट, आहे, त्यांना ही फसवणूक नेमकी कशी केली जाते हे कळावे, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. गाडीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण यात गाडीचा काही दोष नव्हता.

माझी गाडी चार बाय चार डिझेल पिकअप आहे. दापोलीजवळ आमची आंब्याची बाग आहे आणि तिथला शेवटचा रस्ता म्हणजे नुसते जांभ्याचे उघडे दगड, त्यामुळे गाडी घेतल्यावर लगेचच मी कंपनीचे पत्र्याचे आवरण काढून चार मिलिमीटर जाडीची पोलादी प्लेट बसवून घेतली. ती आठ ॲलन बोल्टांवर टांगलेली असते. चेंबरचा, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीचा, बोल्ट काढता यावा म्हणून तिला एक गोल भोक ठेवलेले आहे; पण ही प्लेट बाहेरून घेतलेली असल्याने ते भोक बोल्टच्या बरोबर खाली येत नाही, बोटभर पुढे येते. गरम ऑइल मोकळे झाले की त्याची धार सरळ खाली न पडता तिरकी सुटते, भोकाच्या काठावर आपटते आणि त्यातले बरेचसे प्लेटच्या वरच्या बाजूला पसरते. प्लेटला कडकपणा यावा म्हणून काढलेल्या खोबणींमध्ये ते साचून राहते. पुढे गाडी चालू लागली की वाऱ्याच्या झोताने आणि चढावर उताराने ते मागे सरकते आणि जिथे इंजिन व गिअरबॉक्स एकमेकांना जोडलेले असतात, नेमके त्याच्या खाली ठिबकते. सील गेल्यावर ऑइल दिसते तेही तिथेच. म्हणून अशा गाडीचे ऑइल बदलायचे तर आधी प्लेट उतरवावी, हे काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असते. मात्र आठ बोल्ट काढायचे, जड प्लेट जॅकवर पेलायची आणि पुन्हा चढवायची, यात पाऊण तास जातो.

ते गॅरेज चकचकीत होते. काचेच्या भिंतीपलीकडे लिफ्ट आणि अलीकडे गार हवेत सोफे. विम्याच्या कारणामुळे ग्राहकांना आत सोडत नाही, असे मला सांगण्यात आले आणि मीही चहा पीत मोबाईल बघत बसलो. बिलात साडेसात लिटर ऑइल, नवा फिल्टर, चेंबरच्या बोल्टचा नवा वायसर आणि स्किड प्लेट काढण्या-बसवण्याची मजुरी ६०० रुपये, असे सगळे स्वतंत्र ओळींत छापलेले होते. इतके तपशीलवार बिल पाहून मला उलट बरे वाटले होते. डाग दाखवायला गेलो तेव्हा व्यवस्थापकाने माझ्यासमोर डिपस्टिक काढून पुसली, पुन्हा घातली आणि बाहेर काढून दाखवली. ऑइल खालच्या खुणेला टेकलेले होते. “बघा सर, तीन दिवसांत दीड लिटर गेलं,” तो म्हणाला. माझ्या मनात जी थोडी शंका होती, ती त्या एका वाक्याने गेली. मुळात भरतानाच कमी भरले असेल, हे मला सुचलेच नाही.

त्यांनी गाडी चालवू नका असे बजावले होते. पण मोहोरावर फवारणी करायची वेळ होती, त्यामुळे मी सीलबंद डब्यातले एक लिटर ऑइल वरून ओतले, आणखी एक डबा सोबत घेतला आणि ताम्हिणी घाटाने दापोली गाठली. वाटेत दोन वेळा थांबून डिपस्टिक पाहिली. पातळी दोरीभरही खाली आली नव्हती. सील गेलेले इंजिन घाट उतरून चढून असे कोरडे राहील का, असा विचार माझ्या मनात पहिल्यांदा तेव्हा आला.

दापोलीत आमच्या ओळखीचे एक वयस्कर मिस्त्री आहेत. ते गाडीखाली शिरले आणि मिनिटभरातच त्यांनी मला हाक मारली. “भाऊ, इकडं या, हे बघा. ह्याला पाना कुणी लावला नाही.” टॉर्चच्या उजेडात त्यांनी एकेक बोल्ट दाखवला. ॲलन बोल्टच्या माथ्यावरचा षटकोनी खळगा पावसाळ्यातल्या तांबड्या मातीने भरलेला होता आणि ती माती वाळून विटेसारखी कडक झाली होती. आठांपैकी सात बोल्ट तसे होते. खळग्यात ॲलन-की शिरल्याशिवाय बोल्ट हलत नाही, आणि बोल्ट हलल्याशिवाय प्लेट उतरत नाही. मिस्त्रींनी खिळ्याने माती कोरायला घेण्यापूर्वी मी प्रत्येक बोल्टचा फोटो काढला. पुढे जे काही पदरात पडले, ते त्या फोटोंमुळे.

प्लेट खाली आल्यावर तिच्या खोबणींमध्ये काळ्या ऑइलचे डबके, त्यात आंब्याची कुजकी पाने आणि चिखलाचा राडा दिसला. गिअरबॉक्सच्या जोडावर मात्र वरच्या बाजूने कोरडी धूळ होती. सील गळत असते तर ती धूळ ओली होऊन चिकटली असती. ऑइल फिल्टरवर आधीच्या सर्व्हिसच्या वेळी पांढऱ्या मार्करने लिहिलेली तारीख आणि किलोमीटर जसेच्या तसे होते. म्हणजे बिलातला नवा फिल्टर बिलातच राहिला होता. त्यानंतर मिस्त्रींनी इंजिन गरम करून सगळे ऑइल मापाच्या डब्यात काढले. फिल्टरातले धरूनही ते सात लिटरच्या आतच भरले. त्यातले एक लिटर मी ओतलेले होते, फिल्टरात अडकलेले अर्धा लिटर जुनेच. तेव्हा साडेसात लिटरच्या पैशांत इंजिनात गेलेले नवे ऑइल साडेपाच लिटरांहून जास्त नव्हते. ही तूटच पुढे गळतीचा पुरावा म्हणून मला दाखवली गेली होती.

एक गोष्ट येथे स्पष्ट केली पाहिजे, कारण मीही सुरुवातीला तिच्यावरून चुकीचा निष्कर्ष काढणार होतो. डिझेल इंजिनात नवे ऑइल काजळीमुळे फार लवकर काळे पडते, त्यामुळे डिपस्टिकवरचे ऑइल काळे आहे एवढ्यावरून ते बदललेच नाही असे कुणावर म्हणता येत नाही. ऑइलचा दर्जा मात्र खरोखर काळजीचा विषय आहे. बीएस-६ डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारा डीपीएफ नावाचा फिल्टर असतो आणि त्यासाठी कमी राख सोडणारे ऑइल लागते. काजळी जळून जाते, पण ऑइलमधली राख जळत नाही, ती तिथेच साठत जाते. माझ्या गाडीत ऑइल पिंपातून सुटे भरले होते आणि ते कोणत्या प्रतीचे होते हे ठरवायला माझ्याकडे काही साधन नव्हते, म्हणून मी सगळेच बदलून घेतले.

मिस्त्रींनी काम कसे केले, ते मी जवळ बसून पाहिले. फिल्टर सैल करण्याआधी त्यांनी त्याला खालून प्लॅस्टिकची पिशवी चढवली, त्यामुळे निघणारे ऑइल चासीच्या आडव्या पट्टीवर सांडण्याऐवजी पिशवीतच पडले. जुन्या फिल्टरचे रबर बसण्याच्या जागेवर चिकटून राहिले नाही ना, हे त्यांनी बोट फिरवून पाहिले. ते राहिले आणि त्यावरच नवा फिल्टर बसला तर ऑइल वाहू लागते. नव्या फिल्टरच्या रबराला ऑइलचे बोट लावून तो त्यांनी पान्याशिवाय, हातानेच आवळला. सगळे भरून झाल्यावर त्यांनी प्लेट लगेच चढवली नाही. गिअरबॉक्सचा जोड आणि चेंबरची कड कापडाने पुसून कोरडी केली, घरातली टाल्कम पावडर तिथे भुरभुरली आणि मला हर्णैपर्यंत जाऊन यायला सांगितले. परत आलो तेव्हा पावडर पांढरी आणि कोरडी होती. त्यानंतरच प्लेट धुऊन चढवली. आता मी प्रत्येक बोल्टच्या माथ्यावरून प्लेटपर्यंत रंगाच्या पेनाने एक रेघ ओढून ठेवतो. बोल्ट फिरला की रेघ तुटते.

पुण्याला परतल्यावर मी फोटो, बिल आणि जुना फिल्टर घेऊन गॅरेजमध्ये गेलो. व्यवस्थापक आधी म्हणाला की प्लेट काढलीच होती, मग म्हणाला की पोरांनी भोकातून काम केले असेल. बिल, अंदाजखर्च आणि आगाऊ रकमेची पावती या तिन्ही गोष्टी माझ्याजवळ असल्याने मला आवाज चढवावा लागला नाही. न केलेल्या कामाचे पैसे घेणे ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे अनुचित व्यापार प्रथा ठरते, जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही, एवढे मी शांतपणे सांगितले आणि त्याच्यासमोरच राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक लावला. फोनवर रांगेचे संगीत वाजत असतानाच मालक आतल्या केबिनमधून बाहेर आले.

आगाऊ दिलेले १०,००० रुपये, फिल्टरची किंमत आणि प्लेटची मजुरी परत मिळाली. कमी भरलेल्या ऑइलचे पैसे मिळाले नाहीत, कारण मिस्त्रींनी ऑइल मोजले तेव्हा त्याचे चित्रीकरण करायला मी विसरलो होतो. परताव्याच्या व्हाउचरवर कारणाच्या रकान्यात त्यांनी लिहिले होते: ‘ग्राहकास विशेष सवलत’.