इंग्लंडमधल्या केंटच्या किल्ल्यांचा वर्षाचा पास, वर्षभर वापरल्यावर

मागच्या आठवड्यात पासचे पैसे न विचारता परत कापले गेले म्हणून लिहायला बसलो. ऑटो रिन्युअल मी बंद केलं होतं, पक्कं आठवतंय, पण फोनवर म्हणतात सिस्टीममध्ये तसं दिसत नाही. तीन ईमेल झाले, रिफंडचा पत्ता नाही.

म्हणून वहीत हिशोब मांडला. वर्षात नऊ फेऱ्या झाल्या, त्यात एकदा जानेवारीत मंगळवारी सुट्टी काढून गेलो तर गेटला कुलूप, थंडीत आधी वार बघूनच निघा. पार्किंगचे पैसे काही ठिकाणी वेगळे जातात. कँटरबरी कॅथेड्रल यात येतच नाही, तिथे आर्चबिशप बेकेटचा खून झाला ती जागा बघायची तर वेगळं तिकीट.

डोव्हरच्या किल्ल्याला मात्र पूर्ण दिवस द्या. दुसऱ्या महायुद्धात, १९४० मध्ये, फ्रान्समधल्या डंकर्कहून सव्वातीन लाखांच्या वर सैनिक परत आणायची सूत्रं जिथून हलली ते भुयार तिथेच आहे. चढ खूप आहे, बाबांना दोनदा बसावं लागलं. रॉचेस्टर किल्ल्याच्या बुरुजाचे तीन कोपरे चौकोनी आणि एक गोल, कारण १२१५ च्या वेढ्यात जॉन राजानं खाली सुरुंग खणून तो कोपरा पाडला आणि नंतर तो गोल बांधला गेला; सुरुंगातले लाकडी टेकू जाळायला चाळीस डुकरांची चरबी वापरली.

इथपर्यंत माझं मत होतं की पास ठीकठाक आहे, रिन्यू करायची गरज नाही. मग जूनमध्ये बाबांना घेऊन वॉल्मरच्या किल्ल्यावर गेलो.

डीलचा किल्ला बघून समुद्राच्या कडेनं चालत अर्ध्या तासात पोचलो. ब्रिटिश सेनापती वेलिंग्टन १८५२ मध्ये इथेच वारला. त्याच्या खोलीत ती खुर्ची आहे ज्यात तो गेला, आणि शेजारी छावणीतली साधी अरुंद खाट, एवढ्या मोठ्या सरदाराची, आपल्याकडे वऱ्हांड्यात पाहुण्याला टाकतो त्याहून लहान वाटते. बाबा दोरीपाशी उभे राहिले ते हलेचनात. आमचं गाव भोकरदनकडचं, असई तिथून जवळच. १८०३ मध्ये याच माणसानं केळणा नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावं पाहिली आणि म्हणाला, मध्ये उतार, म्हणजे नदी पायी ओलांडायची जागा, असणारच. तिथून फौज पार नेली आणि शिंदे-भोसल्यांशी लढला. त्याची दीड हजारांवर माणसं मेली, जखमी झाली, बरीचशी शिंद्यांच्या तोफांनी. बाबा त्या नदीत पोहायला शिकलेत. ते हळूच म्हणाले, "अरे, आपल्या केळणेतून आलेला माणूस इथे येऊन निजला."

एवढं ऐकून माझ्या घशात आवंढा आला. पास घेतल्याचं त्या दिवशी सार्थक झालं असं मनापासून वाटतं, नऊतल्या बाकी आठ फेऱ्या एका बाजूला आणि ती खाट एका बाजूला.

तरी पैसे न विचारता कापणं चूकच आहे, रिफंड मी मागणारच. मिळाला की सप्टेंबरात, आई येईल तेव्हा, नवीन पास स्वतःच्या हातानं घेईन आणि पहिल्यांदा वॉल्मरलाच नेईन. तुम्ही घेणार असाल तर पैसे भरल्याच्या दिवशीच ऑटो रिन्युअल बंद करा आणि त्या पानाचा स्क्रीनशॉट ठेवा, मी तो ठेवला नव्हता.