पाच लिटरचा पॉट आणि चार माणसांचं घर

लाकडी बादलीचा, हाताने फिरवायचा आईस्क्रीम पॉट. पाच लिटर. चैत्रात नाशिकच्या भांडी बाजारातून घेतला, घासाघीस करून ३,४०० रुपयांना पडला. आता मृग लागलाय, पॉट माळ्यावर जायच्या बेतात आहे. विसरायच्या आत लिहून टाकतो.

घेतला तो आईच्या हट्टापायी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ताई, दाजी आणि पोरं येणार होती. आम्ही मूळचे खानदेशातले, त्यामुळे आखाजीला माहेरवाशीण येणार, खापरावरची पुरणपोळी आणि आमरस होणार, हे ठरलेलंच. आई म्हणाली, "दरवेळी रात्री ते डब्यातलं आईस्क्रीम आणता, त्यापेक्षा पॉट आणा." आमच्या लहानपणी पॉट भाड्याने आणायचे आणि रात्री परत करायचे. हल्ली भाड्याचा पॉट शोधणं हे पॉट विकत घेण्यापेक्षा अवघड काम आहे. मी दोन दिवस शोधला, मग नाद सोडला.

दुकानात दोन, पाच आणि दहा लिटर असे तीन मापांचे पॉट होते. दुकानदाराने विचारलं, "घरात माणसं किती?" म्हटलं, "चार, पण पाहुणे येतात." "मग पाचच घ्या." इथेच आम्ही दोघं चुकलो. त्याने खाणारी तोंडं मोजली, फिरवणारे हात कोणीच मोजले नाहीत. आमच्या चौघांत आईचा खांदा धरलेला, बायकोच्या मनगटाला आधीच पट्टा, आणि चिरंजीव आठवीत. म्हणजे हात माझे, वर अर्धा गडी चिरंजीव.

आधी वस्तूबद्दल. बादली लाकडी पट्ट्यांची, बाहेरून लोखंडी कड्या. आतला डबा पत्र्याचा आणि स्टीलचा, दोन्ही प्रकारांत मिळतो. स्टीलचाच घ्या, चारशे रुपये जास्त गेले तरी. बाजूला खारं पाणी आणि मीठ असताना पत्रा किती टिकणार? डब्यात रवी असते, तिला लाकडाच्या पट्ट्या. त्या डब्याच्या भिंतीवर गोठलेला थर खरवडत राहतात. वर बिडाचे दातेरी गिअर आणि हँडल. हँडल फिरवलं की डबा एका दिशेला फिरतो आणि रवी जागेवर राहते. बस, एवढंच यंत्र. हँडल फिरवायच्या पॉटचं पेटंट फिलाडेल्फियाच्या नॅन्सी जॉन्सन या बाईंनी १८४३ साली घेतलं, हे चिरंजीवांनी शोधून काढलं. त्यानंतर कोणाला त्यात फार काही बदलावंसं वाटलेलं दिसत नाही.

घरी आणून हौसेने बादलीत पाणी भरलं, तर ती चाळणीसारखी गळायला लागली. तसाच स्कूटरवर पॉट मांडीत धरून बायकोला घेऊन परत बाजारात. दुकानदाराने माझ्याकडे बघितलं ते जावयाकडे बघावं तसं, वरवर आदराने. "साहेब, रात्रभर पाण्यात ठेवली का?" नव्हती ठेवली. कोरडं लाकूड आकसलेलं असतं. पाणी पिऊन पट्ट्या फुगतात आणि फटी बंद होतात. रात्रभर बाथरूममध्ये टबात बुडवून ठेवली, सकाळी थेंब नाही. त्यामुळे गळणारी बादली ही तक्रार मी मागे घेतो. पण पॉटबरोबर दोन ओळींचा कागद द्यायला काय हरकत होती?

दुसरी तक्रार मात्र खरी आहे. डब्याचं झाकण सैल होतं. ते पहिल्याच प्रयोगात कळलं.

पहिला प्रयोग आखाजीच्या आधीच्या रविवारी, आम्ही घरचेच. दोन लिटर म्हशीचं दूध आटवून दीड केलं, त्यात ४०० ग्रॅम साखर, तीन चमचे कस्टर्ड पावडर, गार झाल्यावर पाव किलो क्रीम आणि लिटरभर केशर आंब्याचा रस. हापूस रसाला हात आखडता घ्यावा लागतो, केशरला लागत नाही, आणि रंगही तोच धरतो. रस घालताना दूध फ्रिजमध्ये ठेवून चांगलं गार केलेलं हवं. कोमट दुधात घातला तर फाटायची भीती. डबा दोन तृतीयांशच भरायचा. घुसळताना हवा जाऊन मिश्रण फुगतं. पाच लिटरचा पॉट म्हणजे साधारण सव्वातीन लिटर मिश्रण, हे दुकानात कोणी सांगत नाही.

बर्फ कारखान्यातून आणला, दहा किलो, गोणपाटात गुंडाळून. तिथे पांढरी लादी आणि निळसर लादी अशा दोन्ही होत्या. खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग घालायचा हा नियम महाराष्ट्रात २०१८ पासून आहे. पॉटच्या बाहेरचा बर्फ आपण खात नाही, निळा चालेल, असं माझं मत होतं. बायको म्हणाली, "झाकणावर एवढा विश्वास असेल तर आण." पांढराच आणला. नशीब.

गोणपाटावर धुण्याच्या मोगरीने बर्फ फोडला. एक थर बर्फ, वर मूठभर खडे मीठ, परत बर्फ, असं काठापर्यंत. प्रमाण तीन-चार वाट्या बर्फाला एक वाटी मीठ. बारीक मीठ घालू नका, ते भसकन विरघळून तळाशी जातं. नुसता बर्फ शून्य अंशावर असतो आणि शून्यावर दूध-साखर गोठत नाही. मिठाने बर्फ वितळायला लागतो, वितळायला लागणारी उष्णता तो डब्यातून ओढून घेतो, आणि प्रमाण नेमकं जमलं तर खारं पाणी उणे एकवीस अंशांपर्यंत उतरू शकतं. घरच्या बादलीत तेवढं होत नसावं, पण बाहेर ओघळलेल्या पाण्यात बोट धरलं तर बोट आपलं वाटत नाही. हे सगळं चिरंजीवांनी पुस्तकात बघून सांगितलं, हँडल मला देऊन.

पहिली दहा मिनिटं मजेत जातात. हँडल हलकं, आत दूध डुचमळतंय. पंधराव्या मिनिटाला हात बदलावासा वाटतो. विसाव्या मिनिटाला मिश्रण घट्ट व्हायला लागतं, म्हणजे जेव्हा तुम्ही दमता नेमका तेव्हाच पॉट जड होतो. त्यातून बादली फरशीवर सरकते. तिच्यावर गोणपाट टाकून कोणीतरी बसायला हवं. चिरंजीव बसले, म्हणजे फिरवणारा मी एकटाच उरलो. सत्ताविसाव्या मिनिटाला मी "झालं असेल" असं जाहीर केलं. झालं नव्हतं. घट्ट बासुंदी झाली होती, आणि ती खारट होती.

मीठ गेलं ते सैल झाकणातून. बादलीच्या वरच्या बाजूला एक भोक असतं. बर्फ वितळून पाणी चढलं की ते तिथून बाहेर पडतं, झाकणापर्यंत पोचत नाही. ते भोक बर्फाच्या खड्याने बुजलं होतं. घट्ट झाकण असतं तर निभावलं असतं. परत भांडी बाजार. दुकानदाराने आधी "तुम्ही नीट बसवलं नसेल" वगैरे करून पाहिलं. मी खारट बासुंदीची डबीच बरोबर नेली होती. चव घेतल्यावर त्याने आतून तीन झाकणं आणली, एकेक बसवून पाहिलं, तिसरं घट्ट बसलं ते दिलं, पैसे न घेता. म्हणून दुकानाबद्दल माझा राग अर्धाच आहे. तुम्ही घ्याल तेव्हा झाकण बसवून डबा उलटा धरून दुकानातच पाणी गळतंय का बघा. लाजू नका.

आखाजीच्या दिवशी दुपारी पुरणपोळ्या हाणून सगळे आडवे झाले होते. साडेचारला पॉट अंगणात काढला आणि घरात एकदम जत्रा. ताई, दाजी, त्यांची दोघं, काकांकडची तीन, आणि आम्ही चौघं. अकरा. प्रत्येकी शंभर फेरे असं ठरलं. मोजण्यावरून भांडणं. ताईची धाकटी सत्तरवरून थेट ऐंशीवर उडी मारत होती. दाजींनी मात्र कोणाला न सांगता दोनशे मारले आणि "अजून हलकं आहे" म्हणाले. ते वीज मंडळात आहेत, त्यांना अशी कामं आवडतात. आई खुर्चीवर बसून भोकावर नजर ठेवून होती. बुजलं की सांडशीच्या टोकाने मोकळं करायचं, हे खातं तिने आपणहून घेतलं. बादलीवर बसायला सर्वांत जड पोराची निवड झाली, त्यावरून थोडा वेळ रुसवा.

अडतीस मिनिटांनी हँडल थांबलंच. दाजींनाही हलेना. रवी बाहेर काढली, झाकण परत लावलं, बादलीत उरलेला बर्फ आणि मीठ भरून वर गोणपाट टाकून तासभर ठेवलं. हा तास सोडू नका; लगेच काढलेलं मऊ असतं आणि वाटीत पोचेपर्यंत ओघळतं. रवीला लागलेलं कोणी खायचं हा प्रश्न सुटायला त्यातली दहा मिनिटं गेली.

चव? बाजारातल्या इतकं मऊशार नाही. जिभेवर थोडं कणीदार लागतं, आंब्याचा वास पहिला येतो, दूध मागून. जीएमएस आणि सीएमसी पावडर (आईस्क्रीम मऊ, एकजीव व्हावं म्हणून घालतात त्या) घालून, डीप फ्रीझरमध्ये दोनदा जमवून मिक्सरला फिरवायची पद्धत बायकोने गेल्या वर्षी केली होती. ते जास्त गुळगुळीत झालं होतं, हे तिने तिथेच सर्वांना सांगितलं, आणि ते खरं आहे. पण त्यात एक पोकळपणा असतो, तोंडात फेस विरल्यासारखा. पॉटचं जड असतं. दोन वाट्यांत माणूस गप्प होतो. अकरा जणांत सव्वातीन लिटर संपलं, आईने तीन वाट्या खाल्ल्या. खर्च दूध, आंबे, क्रीम, बर्फ, मीठ धरून साडेसहाशेच्या आसपास.

नंतरची कामं कोणी सांगत नाही, ती सांगतो. खारं पाणी झाडांना घालू नका. आमच्याकडे कोणीतरी (नाव घेत नाही, तिनेच आईस्क्रीमच्या मऊपणावर टीका केली होती) ती बादली मोगऱ्याच्या आळ्यात ओतली. चार वर्षांचा मोगरा आठवड्यात वाळला. पाणी मोरीतच टाका आणि वरून साधं पाणी सोडा. गिअर त्याच रात्री धुऊन, पुसून खोबरेल तेलाचा हात फिरवा. मी एकदा आळस केला, तर सकाळी दात्यांवर तांबूस गंज. गिअरवरचा हिरवा रंग तर दुसऱ्याच वापरात पोपडे धरून निघायला लागला. डब्यात पडत नाही, पण बघून बरं वाटत नाही. रंग देण्यापेक्षा नुसतं बीड ठेवलं असतं तर चाललं असतं.

मोटरचा पॉटही त्याच दुकानात होता, दुपटीहून जास्त किमतीला. तुमच्या घरात आमच्यासारखे दीड गडी असतील आणि महिन्यातून दोनदा आईस्क्रीम करायचं असेल तर तो घ्या, किंवा हाताचाच पण दोन लिटरचा. पाच लिटरचा घ्यायचा असेल तर आधी मोजा: फिरवायला चार जण, बसायला एक, भोकाकडे बघायला एक. आम्ही आखाजीनंतर फक्त एकदा केला, तोही चिरंजीवांचे मित्र आले होते म्हणून.

परवा समोरच्या बिऱ्हाडाने पॉट मागून नेला. नवरा, बायको आणि पहिलीतली मुलगी. बादली रात्रभर भिजवा, भोक बघा, मोगऱ्याला पाणी घालू नका, सगळं सांगितलं. माणसं किती लागतात ते सांगायचं राहिलं. काल संध्याकाळी सहाला त्यांची मुलगी दारात उभी: "बाबा म्हणाले, काका, दाजी आलेत का तुमच्याकडे?"