वर्गाचा ब्लॉग की वर्गाचा ग्रुप: मुलांचं लिखाण टाकायचं कुठे?

वहीबाहेरचं काहीतरी मुलांकडून लिहून घ्यायचं असं ठरवलं की आमच्याकडच्या शिक्षकांमध्ये हा वाद हमखास निघतो, ते मोबाईलवरच्या वर्गाच्या ग्रुपवर टाकायचं की वेगळा ब्लॉग काढायचा. मी देवगड-मालवण पट्ट्यात नववीला मराठी शिकवतो, दोन्ही वापरून झालंय. ब्लॉग कसा उघडायचा, ग्रुप कसा बनवायचा हे सगळ्यांना येतं, ते सांगत बसत नाही.

आधी ग्रुपची बाजू, कारण ती खरंच भक्कम आहे. पालक तिथे आधीपासून असतात. सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, रेंज आणि खाली वाडीत उतरलं की गुल, अशा ठिकाणी रेंज मिळेल तेव्हा मेसेज आपोआप येऊन पडतो. ब्लॉग मुद्दाम उघडावा लागतो आणि मुद्दाम कोणी उघडत नाही, त्याची लिंक शेवटी ग्रुपवरच टाकावी लागते हेही कबूल. बाकी काही अडचणी दोन्हीकडे सारख्याच. फोन वडलांचा, वडील ट्रॉलरवर म्हणजे फोनही दर्यात, 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते तेव्हाच काय तो दिवसभर घरी. आणि बोलून टाईप करायला गेलात तर मालवणी शब्दांची जी काय वाट लागते ती विचारू नका.

माझं बिनसलं ते दुरुस्तीवरून.

एका मुलीने रापणीवर लिहिलं होतं. होडीतून जाळं अर्धगोलात सोडतात, मग दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसं ओढतात, शेवटी माशांचे वाटे होतात. लिहिलं होतं झकास, फक्त क्रम उलटसुलट, जाळं ओढायच्या आधीच वाटे पडलेले. ग्रुपवर टाकल्याबरोबर खाली अंगठे, फुलं, "खूप छान बाळा" सुरू, एका काकांनी ते मुंबईच्या नातेवाईकांना पाठवूनही दिलं. मी म्हटलं क्रम नीट लावून परत लिही, तर तिचा चेहरा असा की सगळ्यांना आवडलंय की, सरांनाच काय झालं! बरं तिने लिहिलंही, आधीपेक्षा कितीतरी चांगलं, पण ते आलं फीच्या सूचना आणि वाढदिवसांच्या खाली आणि त्यावर एकही अंगठा नाही. हे पुन्हा पुन्हा व्हायला लागलं. शाबासकी कच्च्या खर्ड्याला आणि पक्क्याकडे कोणी बघत नाही, मग पोरं दुसऱ्यांदा लिहितील कशाला? लेखन शिकवायचं म्हणजे निम्मं काम दुसऱ्यांदा लिहायला लावण्याचंच असतं ना, निदान मला तरी तसं वाटतं.

ब्लॉगवर खर्डा हा खर्डाच राहतो, आम्ही दोघं समाधानी होईपर्यंत तो बाहेर कोणाला दिसत नाही. नंतर काही सापडलं तर त्याच पोस्टमध्ये, त्याच पत्त्यावर बदलता येतं, लिंक आधी कोणाकडे गेली असली तरी उघडल्यावर सुधारलेलंच दिसतं. लेबलं लावून ठेवली की पुढच्या वर्षीची मुलं आधीच्यांचं वाचून मग लिहायला बसतात. कशेळी, बारसू, देवाचे गोठणे इथली कातळशिल्पं 2022 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली, त्यावर एकाने लिहिलं तर पुढच्या तुकडीतल्या दुसऱ्याने आजोबांकडून ऐकलेलं खाली कमेंटमध्ये जोडलं. ग्रुपवर एवढं जुनं कोण शोधणार, आणि जागा भरली म्हणून निम्म्या घरांत ते पुसलेलं असतं.

ब्लॉग काढायला मी ब्लॉगर ही सेवा वापरतो. 1999 पासूनचं आहे, 2003 पासून गूगलकडे, फुकट. वर्डप्रेस दिसायला जास्त चांगलं, ज्यांना सजावटीची हौस आहे त्यांनी ते घ्यावं. मुलांची खाती मात्र मी उघडत नाही. गूगलच्या खात्याला आपल्याकडे 13 वर्षं पूर्ण लागतात आणि 2023 चा डेटा संरक्षण कायदा तर 18 खालच्या सगळ्यांना मूलच धरतो, पालकांची संमती मागतो. त्यामुळे खातं एकच, माझं. मुलाचं फक्त पहिलं नाव, फोटो नाही, पालकांची सही वहीत, आणि कमेंट मी पास केल्याशिवाय दिसत नाही. ग्रुपवर मात्र सगळ्या आयांचे नंबर सगळ्यांना दिसतात, ते मला कधीच बरं वाटलं नाही.

काम वाढतं, खोटं कशाला बोलू. वहीतलं टाईप करणं बऱ्याचदा माझ्याच गळ्यात येतं. तिसरी-चौथीचा वर्ग असेल, किंवा नुसता गृहपाठ आणि सूचनाच द्यायच्या असतील तर ग्रुप पुरे, ब्लॉगच्या भानगडीत पडू नका. पण आठवी-नववीच्या पोरांना लिहितं करायचं असेल तर मी ब्लॉगच म्हणेन. आणि सुरू करायचाच असेल तर पहिला विषय गणपतीच्या सुट्टीत द्या, चाकरमानी गावी आलेले असतात, फोन आणि जुन्या गोष्टी सांगणारी माणसं दोन्ही एकाच घरात मिळतात.