गिटार: आठ महिने व्हिडिओवरून, सहा महिने सरांकडे, माझा अनुभव

चौदा महिने झाले गिटार हातात घेऊन. पहिले आठ महिने फक्त व्हिडिओ बघून शिकले, त्यातच दोन महिने पैसे भरून एक अ‍ॅप वापरलं, आणि गेले सहा महिने दर रविवारी डोंबिवलीतच एका सरांकडे जातेय. "व्हिडिओवरून गिटार येते का गं?" हे मला ऑफिसमध्ये, सोसायटीत सारखं विचारतात म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

येते. पण व्हिडिओ तुम्हाला दाखवतो, तुमच्याकडे बघत नाही. हा फरक माझ्या डोक्यात शिरायला आठ महिने लागले.

आधी चांगलं सांगते, कारण खरंच खूप चांगलं आहे. मी जस्टिन गिटार या वेबसाइटवरून सुरुवात केली. जस्टिन सँडरको म्हणून टास्मानियाचा माणूस आहे, 2003 पासून शिकवतोय आणि कोर्सचे धडे फुकट, क्रमाने लावलेले. हा क्रम फार महत्त्वाचा, नाहीतर आज हे गाणं उद्या ते सोलो असं भटकत बसतो आपण. त्याचा एक मिनिटाचा व्यायाम मी अजूनही करते, दोन कॉर्ड (म्हणजे एकत्र वाजवायचे दोन-चार सूर) घ्यायच्या, मोबाईलवर 60 सेकंद लावायचे आणि किती वेळा बदलता येतं ते मोजायचं. ए ते डी माझे पहिल्या दिवशी 11 झाले होते, महिन्याभरात 40 च्या पुढे. शिवाय एकच गोष्ट पन्नास वेळा मागे नेऊन बघता येते, स्पीड 0.75 करता येतो, आणि पन्नास वेळा विचारलं म्हणून कोणी वैतागत नाही.

पण मी लोकलमध्ये उभ्या उभ्या व्हिडिओ बघायचे, जाऊन-येऊन रोज दीड-दोन तास, आणि घरी आल्यावर गिटार हातात वीसच मिनिटं. बघितलेलं सगळं समजलेलं असायचं त्यामुळे आपण शिकतोय असं मनापासून वाटायचं. बोटांना मात्र त्यातलं काहीच माहीत नव्हतं.

मग आली एफ कॉर्ड. ज्यांनी गिटार धरलीय त्यांना कळेल. पहिलं बोट आडवं टाकून पहिल्या फ्रेटवर, म्हणजे गिटारच्या मानेवर धातूच्या पट्ट्यांनी जी घरं पडतात त्यातल्या पहिल्या घरात, सगळ्या तारा दाबायच्या. तीन महिने, रोज. बी ची तार ठप्प वाजायची, मनगट दुखायचं, अंगठ्याच्या मुळाशी कळ यायची. एफ वर मी निदान पंचवीस व्हिडिओ बघितले असतील, सगळे सांगतात सराव करा, येईल. शेवटी वाटलं माझीच बोटं बारीक आहेत, हे आपलं काम नाही, आणि गिटार दीड महिना कपाटावर गेली.

सरांकडे पहिल्या दिवशी काय झालं ते सांगते. सर मूळचे वसईचे, लहानपणापासून चर्चच्या क्वायरमध्ये वाजवत आलेले. त्यांनी मला एफ धरायला सांगितली, उजवा हात तारेला लावूही दिला नाही, नुसतं डाव्या मनगटाकडे बघितलं. मग गिटार स्वतःकडे घेऊन पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, लावला, म्हणाले आता हाच आकार एक घर पुढे धर. धरला तर सहापैकी पाच तारा स्वच्छ वाजल्या! सर म्हणाले, "बोटं ठीक आहेत तुमची, नट उंच आहे." म्हणजे मानेच्या टोकाला ती खाचांची पांढरी पट्टी असते ना, तिच्या खाचा पुरेशा खोल नव्हत्या, त्यामुळे पहिल्या फ्रेटवर तार दाबायला विनाकारण जोर लागत होता, कॅपो लावल्यावर तो प्रश्नच उरला नाही. वर अ‍ॅक्शनही उंच, म्हणजे तारा मानेपासून जास्तच वर, बाराव्या फ्रेटवर जाड तार साडेतीन मिलिमीटर वर. त्यांनी सांगितलेल्या रिपेअरवाल्यांनी खाचा खोल केल्या आणि खालचं सॅडल, म्हणजे दुसऱ्या टोकाला तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, दोन मिलिमीटर घासलं. बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर येतो, म्हणून खाली दोन घासले की तिथे एकच कमी होतो, हे मला तिथे कळलं. सगळे मिळून 700 रुपये. दुकानातून नवीन घेतलेली गिटार होती ही, आणि विकताना कोणी एका शब्दाने सेटअपचं बोललं नव्हतं, त्याचा राग मला अजून आहे. ट्यूनरवर सगळ्या तारा हिरव्या, म्हणजे सुरात, असूनही माझी सी कॉर्ड किंचित बेसूर का वाटायची तेही तेव्हाच कळलं, उंच तार दाबताना ताणली जाते आणि सूर वर चढतो.

राहिलेली चूक माझ्या हाताची. सरांनी अंगठा मानेवरून पूर्ण काढायला लावला आणि म्हणाले आता कॉर्ड दाबा, चिमटीने नाही, खांद्यापासून हाताच्या वजनाने मागे ओढून. आणि पहिलं बोट सपाट न ठेवता थोडं कुशीवर वळवायचं, जिथे हाड लागतं त्या कडेवर. ही कड व्हिडिओतही सांगितलेली होती, मी ऐकलीही होती, पण माझं बोट वळलेलं नाहीये हे मला आतून जाणवतच नव्हतं. तिसऱ्या रविवारी एफ वाजली, अगदी गुळगुळीत नाही पण सहाही तारा बोलल्या. मला रडू आलं खरंच.

तालाचं श्रेय मामाला. तो भजनी मंडळात तबला वाजवतो. माझं स्ट्रमिंग, म्हणजे उजव्या हाताने तारा खाली-वर छेडणं, ऐकून म्हणाला, "अगं, उजवा हात थांबतोय तुझा मधेच." मग त्याने केरवा धरला, आठ मात्रा, आणि मला म्हणाला हात प्रत्येक मात्रेला हललाच पाहिजे, विषम मात्रेला खाली, सम मात्रेला वर, तारेला लागो न लागो. सगळीकडे शिकवतात तो डाऊन, डाऊन-अप, अप-डाऊन-अप पॅटर्न त्यात बसवला तर तारेला हात लागतो 1, 3, 4, 6, 7, 8 ला, आणि 2 आणि 5 ला नुसता हवेतून जातो. ही पाचवी रिकामी मात्रा मी आठ महिने हात थांबवून घालवत होते, म्हणून गाणं दर ओळीला अडखळायचं. मेट्रोनोम (ठरलेल्या गतीने ठोके देणारं यंत्र) मिनिटाला 60 वर लावून चार दिवसांत सुटलं.

अ‍ॅपबद्दल थोडक्यात, माईकवरून ऐकतं आणि बरोबर-चूक दाखवतं, पण एक तार मुकी असली तरी माझी कॉर्ड बरोबर धरायचं. रोज बसायची सवय लागली हे खरं, पण वर्षाचे पैसे आधी भरू नका. ऑनलाइन क्लासचे चार तास केले, तिथे शिकवणारे आणि मी एकत्र वाजवूच शकत नाही, आवाज उशिरा पोचतो, आणि झूमवर ओरिजिनल साऊंडचं सेटिंग चालू केलं नाही तर तारेची लांब गुंज गोंगाट समजून कापली जाते. पण जवळपास शिकवणारं कोणीच नसेल तर हेही करा, निदान पलीकडचा माणूस तुमचा हात बघतो.

आता कोणी विचारलं तर मी सांगते, गिटार घेतल्या घेतल्या कोणा वाजवणाऱ्याकडून अ‍ॅक्शन तपासून घ्या आणि पहिले दोन-तीन तास समोर बसून शिका, हात कसा धरायचा तेवढंच. पुढचे महिने व्हिडिओवर खुशाल काढा. आणि दर आठवड्याला मोबाईल समोर ठेवून स्वतःचं रेकॉर्डिंग करा, डावा हात नीट दिसेल असं. माझं पहिलं रेकॉर्डिंग सातव्या महिन्यातलं आहे. त्यात अंगठा वर आलाय, कोपर बरगडीला चिकटलंय, सगळं स्वच्छ दिसतंय, आणि तेव्हा मी ते दोनदा बघून फक्त आवाज कसा आलाय तेवढंच ऐकलं होतं.

सध्या फिंगरपिकिंग, म्हणजे एकेक तार बोटांनी छेडणं, चालू आहे, तेही व्हिडिओवरूनच, फक्त रविवारी सरांना उजवा हात दाखवते. गेल्या आठवड्यात त्यांनी अनामिकेचं नख बघून सांगितलं, एक मिलिमीटर कापा, तार अडकतेय.