मूल्यशिक्षणाचा तास: पेचावर चर्चा की समोरच्या मुलाकडे लक्ष?

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स कोलबर्ग यांची पद्धत म्हणजे नैतिक पेच, म्हणजे काय बरोबर हे ठरवणं अवघड जाईल असा प्रसंग, मांडायचा आणि 'का?' विचारत राहायचं. ३५ मिनिटांच्या तासाला एकच पेच पुरतो: ५ मिनिटं वाचन, १५ गटचर्चा, उरलेला वेळ कारणांना. बाईंनी आधीच 'बरोबर' उत्तर सुचवलं की सगळा वर्ग तेच बोलतो. तास तिथेच फसतो.

अमेरिकन शिक्षणतत्त्वज्ञ नेल नॉडिंग्ज यांचा काळजी घेण्याचा विचार (१९८४) समोरच्या मुलापासून सुरू होतो, आणि सुरुवात तिथूनच व्हावी. गोवंडीची मुलगी रोज उशिरा येते, कारण नळाला पाणी सातला येतं आणि हंडे भरल्याशिवाय तिला निघता येत नाही. वर्गाबाहेर उभं करण्याआधी हे विचारायला हवं. फक्त तिला सवलत दिली, तर बाकीच्यांना पक्षपात वाटतो. अशा वेळी कोलबर्ग उपयोगी पडतात: तिचं नाव न घेता तोच पेच फळ्यावर मांडा.