17,800 रुपये गेले, आणि बिघडला होता फक्त एक फ्यूज

गाडी 2013 ची आहे, बटणाने मिटणाऱ्या साइड मिररवाली. एके दिवशी दोन्ही आरसे एकदम बंद पडले. मिटेनात, काच पण वरखाली होईना. नेहमीच्या गॅरेजमध्ये नेली. नेहमीच्या म्हणजे जिथे मी वर्षानुवर्षं ऑइल बदलतोय, ब्रेक पॅड टाकतोय तिथेच, कुठल्या अनोळखी माणसाकडे नाही, हे आधीच सांगतो कारण लोक लगेच विचारतात की असा कसा विश्वास ठेवलास.

त्याने दरवाजाचं ट्रिम उघडल्यासारखं केलं आणि म्हणाला, "दादा, दोन्ही मोटरी जळाल्या, आता सुट्ट्या मिळत नाहीत, अख्खी असेंब्लीच टाकावी लागेल." एका आरशाचे 6,800, दोन्हीचे 13,600, रंगाचे 2,400 आणि मजुरी 1,800. एकूण 17,800. अ‍ॅडव्हान्स 5,000 यूपीआयने घेतले आणि बाकीचे 12,800 कॅश द्या, जीएसटी वाचेल म्हणाला. बिल म्हणून साध्या कागदावर आकडे लिहून दिले, ना शिक्का ना सही.

आता जे डोक्यातून जात नाही ते सांगतो. गाडी ताब्यात देताना त्याने माझ्यासमोर बटण दाबलं. उजवा आरसा सरळ मिटला, डावा अर्ध्यावर अडकून कर्रर्र आवाज करत मिटला, आणि डाव्या आरशातल्या इंडिकेटरची काच पिवळी पडलेली होती. नवीन मालाची काच पिवळी कशी असेल? मी विचारलंही, तर म्हणे "नवीन आहे दादा, ग्रीस बसलं की सेट होईल." तिथेच पैसे थांबवायला हवे होते. पण संध्याकाळ झालेली, अंधारत आलेलं, आईला डॉक्टरकडे न्यायचं होतं, आणि रोज दादा दादा करणारा माणूस तोंडावर इतकं खोटं बोलेल असं कुणाच्या मनात येईल? जुने आरसे मागितले तर "भंगारात गेले" म्हणाला.

पावसाळा सुरू झाला आणि डावा आरसा मिटायचाच बंद झाला, मोटर नुसती फिरायची. दुसऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनने समोर खोलला तर आत प्लास्टिकच्या गिअरचे दात झिजलेले आणि पांढऱ्या रंगाखाली मरून रंग. दुसऱ्या कुठल्यातरी गाडीचा काढलेला माल! मग त्याने फ्यूज बॉक्स उघडून दाखवला, सगळे फ्यूज धुळीने काळे आणि मिररच्या जागी एकच चकचकीत नवा. म्हणजे माझ्या मोटरी चांगल्याच होत्या, उडालेला फ्यूज बदलून यांनी माझे चांगले आरसे काढून ठेवले आणि मला भंगार लावलं. 10 रुपयांचा फ्यूज हो!

लक्षात ठेवा, दोन्ही आरसे एकदम गेले तर आधी फ्यूज आणि स्विच बघा, दोन्ही मोटरी एकाच वेळी सहसा जळत नाहीत. कुठला फ्यूज कशाचा ते बहुतेक वेळा झाकणावरच छापलेलं असतं. नवा टाकल्यावर तोही लगेच उडाला तर कुठेतरी शॉर्ट असू शकतो, जास्त अँपिअरचा अजिबात ठोकू नका.

गॅरेजवाल्याला जाब विचारला तर "मी नवीनच टाकले होते, तुम्ही बाहेर खोलून घेतले, आता माझी जबाबदारी नाही." चौकीत गेलो तर साहेब म्हणाले हा सिव्हिल मॅटर आहे, ग्राहक आयोगात जा. अर्ज तरी घ्या म्हणलं तर घेतला, पण पोच दिली नाही. वर मलाच विचारतात कॅश का दिली! अहो फसवणारा तो आणि चौकशी माझी? एका सरकारी तक्रार पोर्टलवर सगळे फोटो टाकले, तर काही दिवसांनी "समोरच्या पक्षाकडून प्रतिसाद नाही" असं लिहून तक्रारच बंद केली. प्रतिसाद देत नाही म्हणून तर तुमच्याकडे आलो ना! वकिलाने नुसत्या नोटिशीचे 3,000 सांगितले. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंत फी लागत नाही आणि 2 वर्षांच्या आत तक्रार करता येते हे मला कुणी धड सांगितलं नाही, स्वतः शोधावं लागलं.

गाडी देण्याआधी आरशांचे जवळून फोटो काढा, आतल्या बाजूला मार्करने खूण करा. काढलेला पार्ट तिथल्या तिथे आपल्या डिकीत टाकून घ्या. जीएसटी बिल नाही तर पैसे नाहीत, आणि द्यायचे ते यूपीआयनेच, माझ्याकडे पुरावा म्हणून फक्त ते 5,000 उरलेत. बटणाचा आरसा हाताने ढकलू नका, गल्लीत कुणी धक्का देऊन वाकवला तर बटणाने एकदा मिटवून उघडा, बऱ्याचदा टक आवाज होऊन जागेवर बसतो. सांध्यातली धूळ पाण्याने धुवा, वाळल्यावर थोडा सिलिकॉन स्प्रे मारा, रॉकेल-पेट्रोल नको, प्लास्टिक खराब होतं.

आयोगात अर्ज मी टाकणारच आहे. कुणाला पक्कं बिल नसताना अशा केसमध्ये पैसे परत मिळाले असतील, किंवा चौकीतून अर्जाची पोच कशी मिळवली ते माहीत असेल, तर कृपया सांगा.